दहा मिनिटे आणि चाळीस घरे

सदर : तालीम आणि तयारी

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीतील महाविद्यालयांच्या सूचना फलकांवर नवे कागद दिसू लागतात. कुठे एकदिवसीय चर्चासत्र, कुठे राष्ट्रीय परिषद, कुठे 'आविष्कार'ची निवड फेरी. मग एखाद्या संध्याकाळी घरातली मुलगी सांगते, "अम्मी, माझा पेपर लागला." अम्मी विचारतात, "आता कसला पेपर? परीक्षा तर अजून लांब आहे ना?" हा गोंधळ साहजिक आहे. ज्या घरात आजवर कुणी पदवीच्या पुढे गेलेले नाही, तिथे पेपर म्हणजे परीक्षेचाच. म्हणून या महिन्यात आम्ही परिषदेत आपले संशोधन कसे मांडावे, याविषयी लिहीत आहोत. हे लिखाण मुलामुलींसाठी आहे, तितकेच त्यांच्या अम्मी-अब्बांसाठीही आहे. या तयारीचा निम्मा भाग घरातच होत असतो.

परिषद म्हणजे एका विषयात काम करणाऱ्यांची मजलिस. प्रत्येकाने आपण काय शोधले ते थोडक्यात सांगायचे, इतरांनी ऐकायचे, प्रश्न विचारायचे. आपल्या देशात ही रीत जुनी आहे. भारतीय विज्ञान परिषदेचे पहिले अधिवेशन जानेवारी १९१४ मध्ये कोलकात्याला एशियाटिक सोसायटीत भरले, तेव्हा १०५ शास्त्रज्ञ जमले होते आणि ३५ निबंध वाचले गेले. त्याच परिषदेचे १०८ वे अधिवेशन जानेवारी २०२३ मध्ये नागपूरला झाले. त्यात मुलांसाठी, महिलांसाठी आणि आदिवासी समाजासाठी स्वतंत्र संमेलने होती.

आपल्या दोन जिल्ह्यांपुरते बोलायचे तर २०११ मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ सुरू झाले. त्याआधी इथली महाविद्यालये नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती आणि सिरोंच्याच्या मुलीला विद्यापीठात जायचे म्हणजे दिवसभराचा प्रवास. आता ते अंतर कमी झाले. 'आविष्कार' हा राज्यातील विद्यापीठांचा संशोधन महोत्सव कुलपतींच्या, म्हणजे राज्यपालांच्या कार्यालयाच्या पुढाकाराने २००६ पासून भरतो. भाषा, वाणिज्य, विज्ञान, शेती, अभियांत्रिकी, वैद्यक असे त्याचे विभाग आहेत आणि पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा गट आहे. शाळेतल्या १० ते १७ वर्षांच्या मुलांसाठी १९९३ पासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषद आहे. तिच्यात मुले आपल्याच परिसरातील एखादा प्रश्न घेऊन अभ्यास करतात आणि परीक्षकांसमोर मांडतात. म्हणजे आठवीतल्या मुलापासून पीएचडी करणाऱ्या लेकीपर्यंत, ही तयारी कुणालाही लागू शकते.

निबंध वेगळा, बोलणे वेगळे

सर्वांत मोठी अडचण इथून सुरू होते. विद्यार्थ्याकडे बारा पानांचा निबंध असतो आणि बोलायला दहा मिनिटे. मग तो निबंधच वेगाने वाचू लागतो. पाचव्या पानावर अध्यक्ष घंटी वाजवतात. निष्कर्ष तर बाराव्या पानावर असतो. ऐकणाऱ्यांच्या हाती प्रस्तावना येते आणि वर्षभराची मेहनत पिशवीतच राहून जाते.

निबंध वाचणारा माणूस थांबू शकतो, पान मागे उलटू शकतो. ऐकणाऱ्याला ती सोय नसते. म्हणून बोलण्याची तयारी कोऱ्या कागदावर वेगळी करावी लागते आणि तिची सुरुवात एका वाक्यापासून होते. सभागृहातून बाहेर पडणाऱ्या माणसाला आपले एकच वाक्य लक्षात राहणार असेल, तर ते कोणते असावे?

उदाहरण घेऊ. समजा, आपल्यातली एक मुलगी समाजशास्त्रात एम.ए. करते आहे. तिने धानोरा भागातील एका गावात तेंदूपत्त्याच्या हंगामाचा अभ्यास केला. ४० घरे पाहिली. त्यांपैकी ३१ घरांत पाने तोडणे आणि पुडकी बांधणे हे काम मुख्यतः बायका करतात, पण मजुरी बाईच्या स्वतःच्या खात्यात जमा होते ती फक्त ९ घरांत. हे आकडे आम्ही उदाहरणासाठी घेतले आहेत. आता तिने निबंधाचे नाव काय ठेवले असेल? 'गडचिरोली जिल्ह्यातील वनोपज संकलनात महिलांचा सहभाग : एक समाजशास्त्रीय अभ्यास.' नाव काही वाईट नाही, निबंधावर शोभते. पण व्यासपीठावर तिचे वाक्य असे हवे : "या गावात ४० पैकी ३१ घरांत पाने बाई तोडते, आणि पैसे बाईच्या खात्यात येतात ९ घरांत."

हे वाक्य सापडले की बाकीचे सोपे होते. प्रत्येक स्लाइड, प्रत्येक आकडा, प्रत्येक फोटो या वाक्याला मदत करतो का, एवढेच तपासायचे. तेंदूच्या झाडाचे शास्त्रीय नाव, जिल्ह्याचे क्षेत्रफळ, तालुक्यांची यादी मदत करत नसेल, तर ती निबंधात राहू द्यावी.

आपल्याच जिल्ह्याचा एक धडा

थोडक्यात आणि ठसठशीत कसे सांगावे, याचा उत्तम नमुना गडचिरोलीतूनच जगासमोर गेलेला आहे. 'सर्च' संस्थेच्या डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तो अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आला. त्याचा सारांश मोजक्या ओळींचा आहे आणि त्यातले दोन आकडे एकदा ऐकले की विसरता येत नाहीत. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते. याआधी कधीतरी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. दुखणे जवळजवळ प्रत्येकीला, आणि डॉक्टरपर्यंत पोहोचलेली बाराजणींत एखादी. पुढे कितीही पाने असली तरी मुद्दा इथेच पोहोचतो. आपल्या घरांतल्या कितीतरी अम्मी, खाला, फुफी हे वाचून मान हलवतील, कारण 'सांगायचे कुणाला' हा प्रश्न त्यांनीही सोसलेला आहे. संशोधन म्हणजे मोठ्या शहरातल्या मोठ्या यंत्रांचे काम, असा समज असेल तर तो इथे दूर व्हावा. याच संस्थेने पुढे ३९ गावांत गावातल्याच बायकांना प्रशिक्षण देऊन घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. बाकीच्या गावांशी तुलना करता तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी आढळले. तो निबंध १९९९ मध्ये त्याच नियतकालिकात छापून आला. इथेही पाहा : किती गावे, काय केले, काय बदलले. तीन गोष्टींत सगळे आले.

दहा मिनिटांची वाटणी

शाळेत आम्ही मुलांना निबंधाचे मुद्दे काढायला शिकवतो, तशीच ही वाटणी आहे. पहिले मिनिट प्रश्नाला द्यावे आणि थेट गावातून सुरुवात करावी. 'प्राचीन काळापासून मानव आणि जंगल यांचे नाते' असे सुरू केले की ते मिनिट वाया गेले. दुसऱ्या मिनिटात नेमके काय शोधायचे ठरवले ते सांगावे. पुढची दोन मिनिटे कसे शोधले याची : कोणते गाव, किती घरे, ती कशी निवडली, कोणत्या महिन्यात गेलात, कोणाशी कोणत्या भाषेत बोललात. त्यानंतर पूर्ण चार मिनिटे जे सापडले त्यासाठी. नववे मिनिट अभ्यासाच्या मर्यादांसाठी : एकच गाव, एकच हंगाम, इतर गावांत चित्र वेगळे असू शकते. शेवटच्या मिनिटात यातून काय करता येईल ते सांगून आपले एक वाक्य पुन्हा म्हणावे आणि थांबावे.

मर्यादा सांगायला मुले घाबरतात. त्यांना वाटते, कमजोरी उघडी पडेल. खरे तर मर्यादा आपणच सांगितली की परीक्षकाचा निम्मा आक्षेप तिथेच मिटतो आणि 'या मुलीला आपले काम कळते' असा विश्वास वाटतो.

आमंत्रणपत्रात वेळ किती दिली आहे ते आधी पाहावे. कुठे सात मिनिटे असतात, कुठे पंधरा. प्रश्नोत्तरे त्यातच धरली आहेत का, तेही विचारून घ्यावे. तयारी नेहमी दिलेल्या वेळेपेक्षा एक मिनिट कमी धरून करावी. प्रोजेक्टर सुरू व्हायला, माइक हातात यायला तेवढा वेळ जातोच.

पडद्यावर काय असावे

दहा मिनिटांसाठी आठ ते दहा स्लाइड पुरतात. एका स्लाइडवर एकच मुद्दा. अक्षरे एवढी मोठी की शेवटच्या रांगेतल्या माणसाने चष्मा पुसायला नको. घरी याची परीक्षा सोपी आहे : लॅपटॉप खोलीच्या एका टोकाला ठेवा आणि दादीजानना दुसऱ्या टोकाला बसवून वाचायला सांगा. पांढऱ्या पडद्यावर काळी किंवा गडद निळी अक्षरे चांगली दिसतात. लाल पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरे लग्नाच्या मांडवाला शोभतात.

पडद्यावर पूर्ण वाक्ये लिहून तीच वाचू नयेत. लोक ऐकण्यापेक्षा लवकर वाचतात. तुम्ही दुसऱ्या ओळीवर असता तेव्हा त्यांचे वाचून झालेले असते आणि ते मोबाइल काढतात. पडद्यावर आकडा किंवा चित्र असावे आणि त्याचा अर्थ आपल्या तोंडी असावा.

आता एक अगदी व्यवहाराची गोष्ट. मराठी मजकूर कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केला असेल आणि सभागृहातल्या संगणकावर तो फॉन्ट नसेल, तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसते. उर्दूत काम करणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. इनपेजमधली फाइल इनपेज नसलेल्या संगणकावर उघडतच नाही. म्हणून मराठी असो वा उर्दू, मजकूर युनिकोडमध्ये टाइप करावा आणि सादरीकरणाची एक प्रत पीडीएफ करून ठेवावी. पीडीएफमध्ये अक्षरे जशीच्या तशी राहतात. फाइल पेन ड्राइव्हवर, स्वतःच्या ई-मेलवर आणि मोबाइलवर, अशी तीन ठिकाणी असावी. शिवाय स्लाइडची कागदी प्रत जवळ असावी. आपल्या भागात वीज जाणे ही काही नवलाची गोष्ट नाही. पडदा अंधारला तरी हातातल्या कागदावरून शांतपणे बोलणाऱ्या विद्यार्थिनीला लोक लक्ष देऊन ऐकतात.

काही परिषदांत बोलण्याऐवजी भित्तिपत्रक, म्हणजे पोस्टर लावायचे असते. 'आविष्कार'मध्येही त्याला मोठे महत्त्व आहे. पोस्टरवर बारा पानांचा निबंध बारीक अक्षरांत चिकटवू नये. आपले एक वाक्य सर्वांत मोठ्या अक्षरांत वर यावे, खाली एक नकाशा, एक आलेख, एक फोटो. लोक चालता चालता पाहतात. जो थांबेल त्याला तुम्ही तोंडी सांगणारच आहात.

आकडे कसे सांगावेत

४० घरांपैकी ९ घरे म्हणजे २२.५ टक्के. गणित बरोबर आहे, पण इतक्या लहान संख्येला टक्के लावले की ते उगाच फुगलेले दिसते. '४० पैकी ९' हे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उभे राहते. नमुना शेकड्यांत असेल तर टक्के वापरावेत आणि त्याबरोबर एकूण संख्या सांगावी. दहा रकान्यांचा तक्ता पडद्यावर लावून 'इथे आपण पाहू शकता' म्हणू नये. कुणालाही काही दिसत नसते. त्या तक्त्यातले जे दोन रकाने बोलतात, तेवढेच दाखवावेत.

भाषेची भीती

ही गोष्ट आम्हाला मनापासून लिहायची आहे. आपल्या घरांत उर्दू किंवा उर्दूमिश्रित बोली, शाळेत मराठी, पुस्तके इंग्रजी. त्यात आपला प्रदेश म्हणजे भाषांचा संगम. एका बाजूला झाडीबोली, एका बाजूला गोंडी आणि माडिया, सिरोंच्याकडे तेलुगू. राजुऱ्याचा भाग तर पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तिथल्या जुन्या कागदपत्रांत उर्दू भेटते. अशा मुलीला व्यासपीठावर उभे राहताना वाटते, माझा 'ळ' नीट येत नाही, माझ्या मराठीला उर्दूचा सूर आहे, लोक हसतील.

परिषदेत प्रमाण उच्चाराची परीक्षा नसते. सूर असू द्यावा, वाक्य पूर्ण असावे. ज्या भाषेत परिषदेने परवानगी दिली आहे, त्यांतली जी आपल्याला विचार करायला सोपी वाटते ती निवडावी. मराठीतून मांडण्याची मुभा असेल तर उगाच इंग्रजीचा हट्ट नको. इंग्रजीतच बोलावे लागणार असेल तर पहिली दोन आणि शेवटची दोन वाक्ये तोंडपाठ करावीत. मधली वाक्ये लहान ठेवावीत. अडखळण्याची भीती सुरुवातीलाच सर्वांत जास्त असते. पहिली दोन वाक्ये नीट गेली की घसा मोकळा होतो.

आणि एक लक्षात घ्यावे. ज्या मुलीला उर्दू, मराठी आणि थोडी गोंडी समजते, ती गावातल्या बाईशी जे बोलून आली ते बाहेरून आलेल्या विद्वानाला दुभाष्याशिवाय मिळत नाही. कोणत्या भाषेत मुलाखती घेतल्या ते म्हणूनच आवर्जून सांगावे. ती तुमच्या अभ्यासाची ताकद आहे.

घरातली तालीम

नाटकवाले तालीम म्हणतात, आपण शिक्षणाला तालीम म्हणतो. इथे दोन्ही अर्थ जमतात. परिषदेच्या किमान आठ दिवस आधी घरच्यांसमोर उभे राहून बोलून पाहावे. अब्बांनी मोबाइलवर वेळ लावावी. धाकट्या भावाने स्लाइड बदलाव्यात. अम्मींनी फक्त ऐकावे आणि शेवटी एकच गोष्ट सांगावी : "मला काय समजले?" त्यांना समजलेले आणि आपले एक वाक्य जुळले तर तयारी बरोबर चालली आहे. न जुळल्यास दोष अम्मींच्या शिक्षणात शोधू नये, आपल्या मांडणीत शोधावा. सभागृहातही इतर विषयांचे लोक असतात, तेही आपल्या विषयात अम्मींइतकेच नवे असतात.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ मध्ये एक स्पर्धा सुरू केली. पीएचडीच्या विद्यार्थ्याने आपला अख्खा प्रबंध तीन मिनिटांत, एकाच स्थिर स्लाइडवर, सामान्य माणसाला समजेल असा सांगायचा. आता ती अनेक देशांत होते. घरी हा खेळ खेळून पाहावा. तीन मिनिटांत सांगता आले की दहा मिनिटे ऐसपैस वाटू लागतात.

सरावाचे रेकॉर्डिंग करून एकदा स्वतः ऐकावे. 'म्हणजे', 'की जे आहे ते', 'ॲक्च्युअली' हे शब्द किती वेळा आले ते कळते. दुपट्टा सावरणे, पेनचे टोपण उघडझाप करणे, जमिनीकडे पाहून बोलणे हेही घरचे लोकच सांगू शकतात. मात्र सांगणाऱ्यांनी प्रेमाने सांगावे. परिषदेच्या आदल्या रात्री चुका काढू नयेत, त्या रात्री मुलीला लवकर झोपू द्यावे.

प्रश्न आले तर

प्रश्न म्हणजे हल्ला नव्हे. प्रश्न आला याचा अर्थ कुणीतरी ऐकले. प्रश्न पूर्ण ऐकावा, समजला नाही तर "कृपया पुन्हा सांगाल का?" असे विचारावे. उत्तर माहीत असेल तर दोन-तीन वाक्यांत द्यावे. माहीत नसेल तर, "हा मुद्दा माझ्या अभ्यासात आलेला नाही, मी तो नोंदवून घेते," असे म्हणावे आणि खरोखरच वहीत नोंदवावा. परीक्षकांना बनावट उत्तर लगेच ओळखू येते. बसण्यापूर्वी संभाव्य दहा प्रश्न घरी लिहून काढावेत. 'हेच गाव का निवडले?' हा त्यांतला पहिला, तो बहुधा विचारला जातोच. 'जवळ पडते म्हणून' हे उत्तर खरे असेल तर तेच द्यावे, फक्त त्यासोबत जवळ असल्यामुळे किती वेळा जाता आले तेही सांगावे.

गावाची अमानत

उर्दूत संशोधनाला तहकीक म्हणतात. त्या शब्दाच्या मुळाशी 'हक' आहे. हक म्हणजे सत्य आणि हक म्हणजे अधिकारही. परिषदेत उभे राहताना हे दोन्ही अर्थ लक्षात असावेत.

सत्याचा अर्थ सरळ आहे. जे पाहिले तेवढेच सांगावे. दुसऱ्याच्या पुस्तकातून, निबंधातून घेतले असेल तर त्याचे नाव घ्यावे. कोणती रिवायत कुणाकडून आली, त्याची सनद विचारण्याची शिस्त आपल्या परंपरेत मुरलेली आहे. संदर्भ देणे ही तीच शिस्त आहे. इंटरनेटवरून किंवा एखाद्या यंत्राकडून तयार निबंध उतरवून आपले नाव लावणे तिच्यात बसत नाही.

अधिकाराचा अर्थ थोडा अवघड आहे. ज्या बाईने चूल बाजूला ठेवून तुम्हाला तासभर दिला, तिचा त्या माहितीवर हक आहे. आपण हे कशासाठी विचारतो आहोत, ते तिला आधी सांगितले होते का? तिचे नाव, तिचा चेहरा पडद्यावर दाखवायला तिने संमती दिली होती का? घरातल्या पैशांची, आजारपणाची माहिती असेल तर नाव बदलावे, आणि गाव फार लहान असल्यास गावाचे नावही देऊ नये. ताडोबाच्या परिसरात वाघांवर काम करणाऱ्यांनी वाघ नेमका कुठे दिसतो, पाणवठा कोणता, असे नकाशे उघड्या पडद्यावर दाखवू नयेत. सभागृहात कोण बसले आहे ते आपल्याला ठाऊक नसते.

आणि ज्ञान ज्याचे आहे, श्रेय त्याला द्यावे. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे जेमतेम शाळा शिकलेले शेतकरी होते. १९८३ मध्ये 'पटेल-३' धानाच्या शेतात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या राखल्या, वर्षानुवर्षे पेरून पाहिल्या आणि त्यातून एचएमटी हा तांदूळ आला. घड्याळाच्या नावावरून ओळखला जाणारा हा तांदूळ आज आपल्या घराघरांत शिजतो. २०१८ मध्ये दादाजी गेले. नीट पाहणे, वेगळे दिसले ते जपणे, पुन्हा पुन्हा तपासणे, संशोधन याहून वेगळे काय असते? गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याने तुम्हाला झाडाचा गुण किंवा तलावाचा इतिहास सांगितला असेल, तर त्याच्या परवानगीने त्याचे नाव निबंधात आले पाहिजे.

पैसे, प्रवास आणि परवानगी

अलीकडे अशाही परिषदा निघाल्या आहेत, ज्यांत पैसे भरले की न ऐकताच प्रमाणपत्र मिळते. कोणताही निबंध एका दिवसात 'स्वीकारला', आयोजक महाविद्यालयाचा पत्ता नाही, शुल्क मात्र भरमसाट, अशी जाहिरात मोबाइलवर आली तर आधी आपल्या प्राध्यापकांना दाखवावी. चांगली परिषद निबंध वाचते, दुरुस्त्या सुचवते आणि कधी नाकारतेही. विद्यार्थ्यांना शुल्कात सवलत किंवा महाविद्यालयाकडून प्रवासखर्च मिळू शकतो का, तेही विचारावे. विचारल्याशिवाय हे कुणी सांगत नाही.

पालकांनाही आम्हाला काही सांगायचे आहे. मुलगी परगावी परिषदेला निघाली की काळजी वाटणारच. त्यासाठी आमंत्रणपत्र स्वतः वाचा, मार्गदर्शक बाईंशी किंवा सरांशी फोनवर बोला, राहण्याची सोय कुठे आहे ते विचारा, सोबत मैत्रीण कोण आहे ते पाहा. शक्य असेल तर एकदा स्वतःच सोबत जा आणि शेवटच्या रांगेत बसून ऐका. अहेरी, एटापल्लीकडून येणाऱ्यांनी सकाळच्या पहिल्या बसच्या भरवशावर राहू नये, आदल्या दिवशीच पोहोचावे. काळजीपोटी दिलेला नकार आणि चौकशी करून दिलेली परवानगी, यांत मुलीच्या पुढच्या दहा वर्षांचे अंतर असते. पहिली परिषद हुकली की दुसरीसाठी ती विचारतही नाही.

आदल्या रात्रीची यादी

फाइल तीन ठिकाणी आहे का. पीडीएफ उघडते का. कागदी प्रत पिशवीत आहे का. आमंत्रणपत्र आणि ओळखपत्र घेतले का. वही, पेन, पाण्याची बाटली, चार्जर. सभागृहात अर्धा तास आधी पोहोचायचे, फाइल तिथल्या संगणकावर स्वतः उघडून पाहायची, अध्यक्षांना आपल्या नावाचा उच्चार सांगून ठेवायचा. आपल्या नावांतल्या 'ख' आणि 'झ'ची परिषदेत पुष्कळदा गंमत होते. आधी सांगितले की होत नाही.

मग पुन्हा गावात

परिषद संपते, प्रमाणपत्र मिळते, फोटो निघतो. अजून एक काम उरते.

धानोरा तालुक्यातीलच मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. त्याच्या मागे अनेक वर्षांची मेहनत होती आणि त्या मेहनतीत गावाचा 'अभ्यास गट' होता. गावकरी एकत्र बसत, कायदा समजून घेत, जंगलाची माहिती गोळा करत, बाहेरच्या जाणकारांना बोलावून प्रश्न विचारत, आणि निर्णय ग्रामसभा घेई. परिषद हा शब्द न वापरता त्यांनी परिषदच भरवली होती म्हणा ना. फरक इतकाच की ज्यांच्याविषयी बोलणे चालले होते, तेच समोर बसलेले होते.

आमच्या त्या तेंदूपत्त्याच्या मुलीने म्हणून आपले दहा मिनिटांचे बोलणे एकदा त्या गावातही करावे. पडदा नको, प्रोजेक्टर नको. एका ड्रॉइंग पेपरवर ४० चौकोन काढावेत आणि त्यातले ९ रंगवावेत. हंगामाआधी, मार्च महिन्यात, ग्रामसभेच्या दिवशी जावे. बायका पुढे बसतील, प्रश्न विचारतील, एखादी म्हणेल, "आमचे घर तू मोजलेच नाहीस." ते लिहून घ्यावे. काही जणी विचारतील, स्वतःचे खाते उघडायला काय लागते. त्याची माहिती आधीच बँकेत विचारून नेलेली असावी. पुढच्या वर्षी त्या कागदावर दहावा चौकोन रंगवता आला, तर तिच्या निबंधाचे चीज झाले असे आम्ही समजू.